कापलेलं पान परत चिकटवा

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाचं नाव या पत्रात लिहीत नाही. कोणा सदस्याचंही नाही. इंदुरातल्या ज्या मराठी माणसाला कळायचं त्याला कळेल, आणि ज्याला कळणार नाही त्याचं त्यावाचून काही अडत नाही. आधी मी रीतसर अर्ज केला होता. आवक क्रमांक पडला, पोच मिळाली, आणि तेव्हापासून दोन महिने "पुढच्या बैठकीत घेऊ" एवढंच ऐकते आहे. मधल्या काळात दोन बैठका झाल्या. एकीत पंख्यांच्या दुरुस्तीवर दीड तास चर्चा झाली असं कळलं. म्हणून हे खुलं पत्र.

मागणी एका पानाची आहे.

यशवंतराव होळकरांच्या आयुष्यातल्या आणि त्यांच्यामागे राज्याचा कारभार पाहिलेल्या तुळसाबाई होळकरांवरची ती कादंबरी आपण दोन वर्षांपूर्वी विकत घेतली. तिचंही नाव लिहीत नाही. जाहिरात करावी इतकी ती चांगली नाही आणि नाव घेऊन झोडपावं इतकी वाईटही नाही. आपल्याकडची जुनी पद्धत अशी, की पुस्तक वाचून झालं की मागच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने दोन ओळी लिहायच्या. आपल्या जुन्या ग्रंथपाल बाईंनी ती पाडली. शाईने लिहिलं तर दंड, पेन्सिलीने लिहिलं तर कौतुक. खाली नाव नको, सभासद क्रमांकही नको. त्यामुळे लोक खरं लिहितात. एरवी आपल्या कार्यक्रमांत पुस्तकाबद्दल जे बोललं जातं त्यात निम्मं लेखकाला बरं वाटावं म्हणून असतं आणि निम्मं बोलणाऱ्याला.

जूनमध्ये ही कादंबरी बाइंडिंगला गेली. परत आली तेव्हा मागचं कोरं पान नव्हतं. कोरं कसलं, गच्च भरलेलं होतं ते. बाइंडरने चुकून कापलं असेल म्हणून मी पुस्तक खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहिलं. शिवणीलगत ब्लेड फिरवलेलं होतं, पट्टी लावून, अगदी सरळ. आपला बाइंडर इतकं सरळ कापत नाही, हे आपली बाकीची पुस्तकं हाताळलेला कोणीही सांगेल. त्याच आठवड्यात दाखल क्रमांकाखाली "फक्त संदर्भासाठी" असा शिक्का पडला आणि पुस्तक कुलपाच्या कपाटात गेलं.

विचारलं तेव्हा दोन कारणं मिळाली. एक, थोर घराण्याची बदनामी होते. दोन, वाचकांनी वाह्यात शेरे मारले आहेत.

पहिल्या कारणाकडे नंतर येते. दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण ते शेरे माझ्याकडे आहेत. अकरा वर्षं मी शनिवारची देवघेव सांभाळते. पाऊस असला की संध्याकाळी कोणी फिरकत नाही, तेव्हा मी मागच्या पानांवरचं लिखाण डायरीत उतरवून घेते. छंद म्हणा, खोड म्हणा. त्यामुळे ते पान अक्षराचं वळण सोडलं तर शब्दन् शब्द माझ्यापाशी आहे.

सगळ्यात वर कोणीतरी लिहिलं होतं: "प्रेमप्रकरण फार, लढाई कमी. महिदपूर चार पानांत उरकलं." खाली दुसऱ्या हाताने: "लढाई खरंच अर्ध्या दिवसात उरकली होती." मग एकाने विचारलं होतं, "गणपतराव दिवाण इतका देखणा होता याला पुरावा काय?" त्याला बाण काढून उत्तर: "देखणा नव्हता याला तरी काय पुरावा?" हे दुसरं अक्षर बाईचं, मला ओळखू येतं, सांगणार नाही.

एका बाईंनी ही कादंबरी पुण्याच्या बहिणीला नेऊन दिली होती. त्यांनी लिहिलं: "बहीण म्हणते, ज्याने आमचं पुणं लुटलं त्याच्यावर कसली प्रेमकथा? ही 'आमचं पुणं' म्हणणारी जेलरोडला जन्मली." जेलरोड म्हणजे इथला, इंदुरातला. मला हा शेरा फार आवडतो. यशवंतरावांनी १८०२ च्या २५ ऑक्टोबरला हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या, पेशवा पळाला, आणि पुढे पुण्याची जी धूळधाण झाली ती तिकडच्या पुस्तकांत एका रंगात रंगवलेली असते. आपल्याकडे तोच माणूस इंग्रजांना घाम फोडणारा म्हणून मुलांना सांगतात. एकच पुस्तक पुण्यात आणि इंदुरात वेगवेगळं वाचलं जातं हे समीक्षकांनी लेख लिहून सांगितलं असतं. इथे ते पेन्सिलीच्या दोन ओळींत आलं.

एका मुलाने हिंदीत लिहिलं होतं, देवनागरीच असल्यामुळे चाललं: "मराठी धीरे पढ़ता हूँ। दादी से अठारह शब्द पूछे। रात दो बजे ख़त्म की।" आपण दर गुढीपाडव्याला तरुण पिढी मराठी वाचत नाही म्हणून भाषण करता. हा घ्या, वाचणारा. त्याचं पान आपण ब्लेडने कापलंत.

आणखी एक: "लग्न झालं होतं की नव्हतं ते एकदाचं सांगा, तीनशे पानं टांगून ठेवलंय." आणि एक अस्सल इंदुरी: "लेखक काय सांगून राहिला तेच मधे कळत नाही, पण सोडवत नाही."

साबुदाण्याचा शेरा मात्र सविस्तर सांगायला हवा. पान ९४ वर तुळसाबाई एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाते. होळकरांचा तेव्हाचा मुक्काम भानपुरा, साल १८०९. कोणीतरी त्यावर लिहिलं: "बाईंना साबुदाणा कोणी पाठवला? सराफ्यातून मागवला का?" मी इतकी हसले की समोर बसून पेपर वाचणाऱ्या काकांनी चष्मा काढला. ज्या गावात लोक उपास असो नसो, रात्री अकरा वाजता सराफ्यात उभं राहून वर शेव भुरभुरलेली साबुदाण्याची खिचडी खातात, त्या गावातल्या वाचकाला हे खटकावं यात नवल नाही. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमकडे निघाले ते १९४० च्या दशकात. होळकरांच्या मुदपाकखान्यात एकादशीला वरी होती, राजगिरा होता, शिंगाडा तर माळव्यात हवा तेवढा. लेखकाने पुस्तकाच्या शेवटी आठ पानांची संदर्भसूची दिली आहे. तिच्यात तोफांवरचं पुस्तक आहे, नाण्यांवरचं आहे. स्वयंपाकघरात डोकवायची गरज त्याला वाटलेली नाही. वाचकाला वाटली.

आता तो वाह्यात शेरा. आपण ज्याच्यावर बोट ठेवलंत तो मला सांगण्यात आला: "पान १८८ वाचताना भाजी करपली."

एवढाच. मंडळातल्या ज्या सदस्यांनी हरकत घेतली त्यांनी या ओळीवरून पान १८८ वर काय असेल याची कल्पना केली. पान उघडून मात्र पाहिलं नाही. मी त्यांना समोर विचारलं, "आपण वाचलंत का?" ते म्हणाले, "असलं वाचायची गरज नसते."

तर पान १८८ वर काय आहे ते सांगते. यशवंतरावांना शेवटच्या वर्षांत भ्रम झाला होता. भानपुऱ्याला तोफा ओतण्याचा कारखाना त्यांनी घातला, भट्टीपाशी स्वतः उभे राहून राबायचे, आणि होता होता त्यांचं चित्त गेलं. आवरेनात तेव्हा दोरांनी बांधून ठेवायची वेळ आली. हे इतिहासात आहे. पान १८८ वर तुळसाबाई त्या बांधलेल्या माणसाला दूध पाजते आहे. पळीने. तो थुंकतो, ती पदराने त्याची हनुवटी पुसते, परत पळी भरते. मधेच त्याला ओळख पटते, तो तिला नावाने हाक मारतो आणि विचारतो, "हे दोर कोणी बांधले?" ती म्हणते, "मी." तो म्हणतो, "घट्ट बांधलेस." आणि हसतो. पुढच्या ओळीत ओळख गेलेली असते.

हे वाचताना ज्या बाईची भाजी करपली तिला काय म्हणावं? तिच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं होतं का, मला माहीत नाही. गॅसवर कढई ठेवून हातात पुस्तक धरून उभी राहिलेली ती मला दिसते. ऐतिहासिक प्रणयकथा म्हणून जे काही मराठीत लिहिलं जातं त्यातलं नव्वद टक्के चांदणं, मोगरा आणि "नाथ" यांच्यावर चालतं. या माणसाने एक पान प्रेमाचं लिहिलं तर ते दोर, दूध आणि थुंकी यांचं लिहिलं. त्या एका पानासाठी मी त्याला साबुदाणा माफ करते. आणि वाचकांनी ते पान बरोबर हेरलं. आपण त्याच पानावर वाह्यातपणाचा शिक्का मारलात.

आता बदनामीचं कारण.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी हकीकत सांगते. मंडळातल्या निदान पाच जणांनी ती वाचलेली नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. यशवंतराव १८११ च्या २८ ऑक्टोबरला भानपुऱ्याला वारले. मागे मुलगा मल्हारराव, अगदी लहान, तोही तुळसाबाईंचा नव्हे, कृष्णाबाईंच्या पोटचा. कारभार तुळसाबाईंच्या हाती आला आणि सहा वर्षं राहिला. १८१७ च्या २० डिसेंबरला महिदपूरपाशी तिच्याच छावणीतल्या लोकांनी तिला क्षिप्रेच्या काठी नेऊन तिचं डोकं उडवलं आणि देह नदीत लोटला. इंग्रजांशी आतून बोलणं लावलं असा तिच्यावर संशय होता. दुसऱ्या दिवशी लढाई झाली, होळकर हरले, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी राजधानी इंदुरात आली. आपलं गाव राजधानी झालं त्याच्या ऐन तोंडाशी ही बाई मेली आहे.

तिच्या चालचलणुकीबद्दल, म्हणजे यशवंतरावांनी तिला दुसऱ्याच्या घरातून आणलं इथपासून ते दिवाण गणपतरावाशी तिचं सूत होतं इथपर्यंत, जे काही सांगितलं जातं ते बहुतेक सगळं एका माणसाच्या पुस्तकातून येतं. जॉन माल्कम. महिदपूरला तो इंग्रजांच्या फौजेत आघाडीवर होता. मंदसौरचा तह त्याच्याच हातचा. पुढे माळव्याचा सगळा बंदोबस्त त्याने पाहिला, महूची छावणी त्याच काळातली, आणि १८२३ मध्ये त्याचं 'मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया' निघालं. ज्या राज्यावर आपण जय मिळवला तिथे आधी किती अनाचार माजला होता हे दाखवण्याची गरज या माणसाला होती. तेव्हा बदनामीचा शोध लावायचाच तर ती दोनशे वर्षांपूर्वीच छापून झालेली आहे, इंग्रजीत, दोन खंडांत.

आणि गंमत बघा. या दोन खंडांची नवी आवृत्ती आपल्या वाचनालयात आहे. कुठे? त्याच कुलपाच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर. आपण कादंबरी नेऊन ठेवलीत ती नेमकी तिच्या शेजारी. मूळ आरोपपत्र आणि त्यावरची कादंबरी एकमेकांना टेकून उभी आहेत, आणि वाचकाला दोन्ही मिळत नाहीत.

पण माल्कमचंही एक मान्य करायला हवं. याच बाईबद्दल त्याने असंही लिहून ठेवलं आहे की ती रूपवान होती, बुद्धीने तल्लख होती, बोलण्यात तिचा हात धरणारे थोडे होते, आणि घोड्यावर छान बसायची. शत्रूने दिलेली शिफारस म्हणून तिला जास्त किंमत. कादंबरीकाराने माल्कमकडून भानगड उचलली आणि ही शिफारस तिथेच ठेवली. माझा त्याच्यावर जो थोडा राग आहे तो याचा.

म्हणजे असं, की पान १८८ नंतर यशवंतराव जातात आणि कादंबरीचा जीवच जातो. पुढची दोनशे पानं तुळसाबाईला काही काम नाही. ती गवाक्षात उभी असते. तिचा ऊर धपापतो. (किती वेळा धपापतो ते मी मोजलं आहे. चौदा.) दिवाण येतो, जातो. चांदणं साडेतीन पानं. आणि ज्या डिसेंबरात तिचा जीव गेला त्या डिसेंबरात तिच्यासमोर काय काय होतं बघा. नोव्हेंबरच्या ५ तारखेला दुसऱ्या बाजीरावाने खडकीला इंग्रजांवर हल्ला केला होता. त्याच दिवशी ग्वाल्हेरला शिंद्यांनी इंग्रजांशी तह करून अंग काढून घेतलं होतं. महिना संपता संपता नागपूरला सीताबर्डीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली होती. छावणीतल्या पलटणींचे पगार थकलेले. थकलेला पगार वसूल करायला सरदाराच्या तंबूपुढे धरणं धरून बसायची फौजांची रीतच होती, त्याला जेवू द्यायचं नाही, उठू द्यायचं नाही. पेंढाऱ्यांचा बीमोड करायच्या नावाखाली इंग्रजी फौजा चारही बाजूंनी माळव्यात उतरत होत्या. आणि मधे तिशीही न गाठलेली एक बाई, बरोबर दुसरीचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा, तिजोरी रिकामी, आणि एकच प्रश्न: पेशव्याबरोबर जाऊन बुडायचं की इंग्रजांशी बोलून वाचायचं?

यापेक्षा थरारक रात्र कादंबरीकाराला कुठे मिळणार होती? हे सगळं त्याने एका परिच्छेदात बसवलं. आणि मग चांदणं.

ही तक्रार माझी एकटीची नाही. कापलेल्या पानावर अगदी खाली, जागा संपत आलेली म्हणून बारीक अक्षरात, कोणीतरी लिहिलं होतं: "ती दिवसभर काय करायची?" मी बँकेत नोकरी केली, महिन्याच्या एक तारखेला काउंटरवर पेन्शनवाल्यांची रांग लागायची. रोकड कमी असेल तर कसं बोलावं, कोणाला आधी द्यावं, कोणाला खुर्ची द्यावी आणि कोणाला चहा, हे मला माहीत आहे. थकलेल्या पगाराच्या फौजेपुढे सहा वर्षं टिकून राहणं म्हणजे काय असेल याचा मला थोडासा अंदाज येतो. लेखकाला आला नाही. ज्या वाचकाने तो प्रश्न विचारला त्याला किंवा तिला आला होता. कादंबरीवर याहून नेमकी टीका मी कुठल्या परीक्षणात वाचलेली नाही, आणि आली होती ती परीक्षणं मी सगळी वाचली.

आपल्यातले काही जण म्हणतात, इतिहासात शृंगार घुसडूच नये. त्यांना दोन गोष्टी आठवण करून देते. आपण ज्याला कादंबरी म्हणतो ते मुळात बाणभट्टाच्या नायिकेचं नाव आहे, आणि तिची गोष्ट प्रेमाची आहे. इतर भाषांनी या प्रकाराला कुठूनकुठून नावं आणली, मराठीने, आणि कानडीनेही, एका प्रेमात पडलेल्या मुलीचं नाव दिलं. आणि मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात त्या 'मोचनगडा'त, १८७१ साली, रामचंद्र गुंजीकरांनी काळ शिवाजी महाराजांचा घेतला आणि माणसं आपल्या मनाने उभी केली. तेव्हापासून मराठी वाचक खरं कुठे संपतं आणि रचलेलं कुठे सुरू होतं हे ओळखत आला आहे. कधी फसतही आला आहे, नाही असं नाही. माझी आई मरेपर्यंत एका कादंबरीतला संवाद ऐतिहासिक पत्रातला म्हणून सांगायची. पण त्यावरचा उपाय कुलूप हा नव्हे. शेजारी माल्कम ठेवावा, तोही उघड्या फळीवर.

थोर घराण्याच्या बदनामीबद्दल एकच सांगते. मी रोज कृष्णपुऱ्याच्या पुलावरून येते. डाव्या हाताला छत्र्या दिसतात, त्यांतली एक कृष्णाबाईंची, मल्हाररावांच्या आईची. ती असायलाच हवी, त्या बाईनेही कमी सोसलेलं नाही. घराण्याने आपली माणसं अशी दगडात जपली. तुळसाबाईच्या नावाचा दगड मला कुठे भेटला नाही. गेल्या हिवाळ्यात, कादंबरी वाचल्यावर, मी आणि माझी मैत्रीण उज्जैनवरून बसने महिदपूरला गेलो होतो. किल्ला आहे, खाली क्षिप्रा आहे. पाणी थोडंच होतं, एक बाई काठावर गोधड्या आपटत होती. मैत्रिणीने विचारलं, "इथे कोण्या राणीला मारलं होतं का?" ती म्हणाली, "रानी? यहाँ? पता नहीं बेन," आणि परत गोधडीला लागली. आम्ही शेंगदाणे खाल्ले आणि परतीची बस धरली. या बाईचं जे काही स्मारक आजघडीला या गावात आहे ते म्हणजे माल्कमची काही पानं, ही एक अर्धी फसलेली कादंबरी, आणि तिच्या मागच्या पानावर भांडलेले अठरा-वीस वाचक. त्यातलं शेवटचं आपण कापलंत.

तेव्हा मागणी. ते पान फाडून टाकलेलं नाही हे मला माहीत आहे, कार्यवाहांच्या फाइलीत प्लास्टिकच्या पिशवीत आहे. ते परत द्या, मी स्वतः खळीने चिकटवीन, बाइंडरला पैसे द्यायचीही गरज नाही. "फक्त संदर्भासाठी"वर रद्दचा शिक्का मारा. कादंबरी देवघेवीत आणा आणि माल्कमचे दोन खंडही. ज्यांची हरकत आहे त्यांनी ती कादंबरी वाचावी आणि पेन्सिलीने आपला शेरा लिहावा. जागा उरली नसेल तर मी आणखी एक कोरं पान चिकटवून देते. हरकतीचा शेरा मी डायरीत सगळ्यांच्या आधी उतरवीन, हा शब्द. आणि जमलं तर २० डिसेंबरला संध्याकाळी या पुस्तकावर एक बैठक ठेवा. लेखकाला बोलावू नका, तो आला की लोक गोड बोलतात. नुसते वाचक बसू द्या. चहाचा खर्च माझा.

एक शेरा मी वर सांगितला नाही, तो इथे सांगते. पानाच्या मधोमध, थरथरत्या अक्षरात होता: "शेवट वाचला नाही. नदीपाशी थांबले. पुढे काय होतं ते माहीत आहे. पुस्तक परत." ज्यांनी हे लिहिलं त्या आजी मला ठाऊक आहेत. शहाऐंशी वर्षांच्या आहेत, जिना चढवत नाही म्हणून नात पुस्तक बदलून नेते. जुलैत नातीबरोबर चिठ्ठी आली: ती तुळसाबाईची परत पाठव, या वेळी वाचीन म्हणते. नातीला दर शनिवारी सांगावं लागतं की पुस्तक कपाटात आहे. मागच्या शनिवारी तिने विचारलं, "काकू, कपाटाला किल्ली नाही का?"

किल्ली आहे. टेबलाच्या डाव्या खणात, पावतीपुस्तकांच्या खाली, लाल दोऱ्यात बांधलेली. मी अजून तिला हात लावलेला नाही.

आपली,
एक आजीव सभासद
इंदूर